दादाची इलिमिनेटर अन् दीड लाखाचा आकडा

गेल्या महिनाभरात गावातल्या निदान वीस जणांनी मला अडवून एकच गोष्ट विचारली. "इलिमिनेटर गेली म्हणते, कितीत गेली?" कोणी पन्नास हजार सांगतो, कोणी दोन लाख. बसस्टँडवरच्या टपरीवर तर ती पाच लाखाला पुण्याला गेली असं पक्कं ठरलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. वहिनींना विचारूनच लिहितोय. "आकड्यासकट लिहा भाऊजी, म्हंजे लोकायची तोंडं तरी बंद होतीन," असं त्यांनीच सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, पण आम्ही एकाच अंगणात वाढलो. २००२ साली अंबिया बहार चांगला गेला, बगीच्याचे पैसे एकरकमी हाती आले, अन् दादानं अमरावतीहून ही गाडी आणली. सगळे म्हणत होते ट्रॅक्टरचा हप्ता भर, विहिरीला पाणी कमी आहे, बोअर मार. त्यानं कोणाचं ऐकलं नाही. रिद्धपुरात यात्रेला आलेली माणसं दर्शन घेऊन परत जाताना आमच्या फाटकापाशी थांबून गाडी पाहायची, इतकी ती तेव्हा वेगळी होती.

पुण्याच्या बजाजनं कावासाकीच्या जोडीनं ती २००१ मध्ये आणली होती. १७५ सीसी, इंजिन जपानी बनावटीचं, सीट खाली, हँडल उंच, पाय पुढं सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. किंमत मात्र त्या वेळच्या स्प्लेंडरच्या दुपटीच्या आसपास. ज्या देशात गाडी घेताना पहिला प्रश्न 'किती देते?' असतो, तिथं ती कितीशी खपणार? २००५ मध्ये बजाजनं तोच सांगाडा ठेवला, आत पल्सरचं १८० चं इंजिन बसवलं, किंमत खाली आणली अन् नाव दिलं अ‍ॅव्हेंजर. अ‍ॅव्हेंजर चालली. इलिमिनेटर थोड्या वर्षांची पाहुणी ठरली. पुढे २०१७ मध्ये बजाज अन् कावासाकीची भारतातली भागीदारीही संपली. म्हणजे तिच्या मागे उभं राहणारं घरच मोडलं.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. आजारपणात जे व्हायचं ते झालं, त्याबद्दल लिहीत नाही. मागे राहिल्या वहिनी, एक मुलगी, अडीच एकर बगीचा अन् गोठ्यात ताडपत्रीखाली ही गाडी. मुलगी अमरावतीला नर्सिंगला आहे. दुसऱ्या वर्षाची फी अन् होस्टेल धरून सत्तर हजार भरायचे होते. दिवाळी झाल्यावर वहिनी माझ्या दुकानात आल्या. खताची उधारी मिटवायला आल्या असतील असं वाटलं. त्यांनी चावी काउंटरवर ठेवली.

"भाऊजी, हे इकून द्या. दीड लाख येतीन म्हने हे. सत्तर भरतो, बाकीचे बँकेत टाकतो पोरीच्या नावानं."

मी विचारलं, दीड लाख कोणी सांगितलं?

"त्यायनंच सांगतलं होतं. तुमचंच नाव घेऊन सांगतलं होतं."

इथं मला गप्प बसावं लागलं. कारण ते खरं होतं. २०१७ मध्ये पंधरा वर्षांची मुदत संपली तेव्हा अमरावतीचा एक जण पस्तीस हजार द्यायला तयार होता. गाडी चालू, कागद ताजे, टायर नवे. दादानं मला विचारलं. आपल्याला गाड्यातलं कळतं असा माझा गावात बोभाटा, अन् मलाही तो आवडायचा. मी म्हटलं, वेडा आहेस का, ठेव. ही गाडी पुन्हा बनणार नाही. दहा वर्षांनी लाख-दीड लाखाच्या खाली कोणी बोलणार नाही. दादानं ठेवली.

मी तेव्हा हवेत बोललो नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. डोळ्यासमोर माझी आरएक्स हंड्रेड होती. यामाहाची आरएक्स १९८५ ते १९९६ अशी बनली. बंद झाल्यावर काही वर्षं तिला कोणी विचारत नव्हतं, मग भाव चढायला लागले ते थांबेचनात. आज चांगल्या आरएक्सला लोक लाख रुपये मोजतात. मी हिशेब केला, आरएक्स तर लाखोंनी बनल्या, तरी एवढा भाव. मग इलिमिनेटर तर अमरावती जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतक्या. तिला जास्त यायला पाहिजे.

हाच हिशेब चुकला, अन् तो कसा चुकला हे मला गेल्या दोन महिन्यांत कळलं.

आरएक्सला भाव आहे कारण ती दुर्मिळ नाही. मोर्शीत, चांदूर बाजारात, परतवाड्यात कोणत्याही जुन्या मिस्त्रीला तिचं इंजिन डोळे मिटून खोलता येतं. पिस्टन मिळतो, क्लच प्लेट मिळते, टाकी मिळते, स्टिकरसुद्धा मिळतं. अन् ज्यांनी कॉलेजात असताना ती दुरून पाहिली ते आता पन्नाशीचे आहेत, खिशात पैसे आहेत. विकणाराच्या दारात दहा गिऱ्हाइकं उभी राहतात. इलिमिनेटरच्या दारात एक उभा राहतो, अन् तोही म्हणतो, सायलेन्सर कुठं मिळेल हो याचं? कमी असणं वेगळं, हवी असणं वेगळं. माझ्यासारख्या दुकानदाराला हे कळायला हवं होतं. दुकानात एकच डबा उरलेलं औषध असतं, ते काही महाग होत नाही. ते उरलेलं असतं कारण कोणी नेलं नाही.

बरं, वहिनींच्या डोक्यात दीड लाख होता तो पुतण्यानं आणखी वर नेला. त्यानं मोबाइलवर 'इलिमिनेटर किंमत' टाकलं अन् ओरडत आला, पाच लाख बासष्ट हजार! टपरीवरचे पाच लाख इथून आले. झालं असं की कावासाकीनं जानेवारी २०२४ मध्ये त्याच नावाची नवी गाडी भारतात आणली, ४५१ सीसीची, दोन सिलिंडरची, ५ लाख ६२ हजारांची. नाव तेच, बाकी काही तेच नाही. शेजारच्या गावातल्या पाटलाचं अन् आपल्या पाटलाचं आडनाव एक म्हणून सातबारा एक होतो का?

मग मी जुन्या गाड्यांचा भाव सांगणारी अ‍ॅपं पाहिली. त्यांत कंपनी निवडा, मॉडेल निवडा, साल निवडा असं असतं. मॉडेलच्या यादीत इलिमिनेटर नव्हतीच. विम्याच्या हिशेबानं पाहावं तर पाच वर्षांपर्यंतच तक्ता आहे, पाचव्या वर्षी निम्मी किंमत धरतात, त्यापुढं कंपनी अन् मालक ठरवतील ती. जाहिराती पाहिल्या तर कोणी ऐंशी मागतो, कोणी एक लाख तीस. पण मागितलेला भाव हा भाव नसतो हे आपल्याला संत्र्यात पक्कं माहीत आहे. बगीच्याचा मालक झाडाखाली उभा राहून काय म्हणतो अन् व्यापारी इसार काय देतो, यात किती अंतर असतं? त्या जाहिरातींतल्या दोघांना मी फोन केले. एकाची जाहिरात अकरा महिन्यांपासून लागलेली होती.

म्हणून मी शेवटी जुनीच पद्धत धरली. खरेदीदार बगीचा पाहायला येतो तेव्हा काय करतो? रस्त्याच्या कडेची झाडं पाहत नाही, मधल्या ओळीत शिरतो. फळ देठाकडून पाहतो, खालची गळ किती ते पाहतो, फवारणीचा खर्च अन् तोडाईची मजुरी मनात वजा करतो, अन् मग उक्त्याचा एक आकडा बोलतो. गाडीचंही असंच. चकचकीत टाकी म्हणजे रस्त्याच्या कडेची झाडं.

ताडपत्री काढली. चांदूर बाजारच्या एका मिस्त्रीला सोबत नेलं होतं, सत्तरीचा माणूस, हातानं कमी अन् कानानं जास्त काम करणारा. टाकीत बॅटरी मारून पाहिलं तर आत गंज, पण छिद्र नाही. टायर तीन वर्षं एकाच जागी दबून चपटे. बॅटरी मेलेली. कार्बोरेटर खोलला तर आत जुन्या पेट्रोलचा डिंक. दुसरी बॅटरी लावून, कार्बोरेटर धुऊन सेल्फ मारला, चौथ्या-पाचव्या वेळी गाडी बोलली. मिस्त्रीनं हात वर केला, सगळे चूप. त्यानं कान लावला अन् म्हणाला, "टायमिंग चेन खडखड करते, पन बोर चांगला हाय. धूर पाह्य, निळा नाई." निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम. ते निघालं असतं तर गोष्ट तिथंच संपली होती, कारण या इंजिनाचे रिंग कुठून आणणार? अ‍ॅव्हेंजरचं बाहेरचं सामान बरंचसं जुळवून घेता येतं. इंजिनाच्या आत मात्र पल्सरचं काही चालत नाही.

मग चेसी नंबर. मातीखालून तो घासून काढला, कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतली, आरसी बुकाशी ताडून पाहिली. जुळली. हे कोणी करत नाही. जुनी, दुर्मिळ गाडी म्हणून लोक भावनेच्या भरात पैसे देतात अन् आरटीओत गेल्यावर कळतं की इंजिन दुसऱ्याच गाडीचं बसवलंय. त्या गाडीला मग कितीही प्रेमानं पाहा, तिचा भाव भंगाराचाच. भंगारवाल्यालाही विचारून ठेवलं होतं. चार हजार म्हणाला. म्हणजे खालची पायरी चार हजार, वरची पुतण्याची पाच लाख बासष्ट.

दादाची एक वही सापडली. पहिल्या सर्व्हिसिंगपासून प्रत्येक खर्च, तारखेसह. कोणतं ऑइल, कोणता प्लग, किती किलोमीटरला. मी त्या वहीला पाच हजारांची किंमत धरली, अन् पुढे जो घेणारा आला त्यानंही ती तशीच धरली. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी बिलं फेकू नका, एवढंच सांगतो.

गाडी चालू, कागद नीट, मालक नावावर करून देणार, अशी असती तर मी साठ हजार सांगितले असते. पासष्ट फार झाले. त्यातही अलीकडे कात्री लागली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी २२० ची अ‍ॅव्हेंजर शोरूमच्या भावानं दीड लाखाच्या आत मिळते, वॉरंटीसह. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही खाली ओढला जातो. सोयाबीनची आवक वाढली की गोदामातल्या जुन्या मालाचं काय होतं, तसंच.

पण गाडी 'अशी' नव्हतीच. खरा घोळ कागदात होता, अन् ही पोस्ट लिहायचं अर्धं कारण तेच आहे.

दादानं २०१७ मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवली होती. ती ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. त्या वेळी घरात दवाखाना चालू होता, गाडीच्या कागदाकडे कोण पाहतं? नियम असा आहे की एप्रिल २०२२ पासून दुचाकीची नोंदणी वाढवायला उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा लागतात. गाडी रस्त्यावर होती की गोठ्यात, याचा त्यात विचार नाही. डिसेंबर २०२५ पर्यंत चाळीस महिने झाले. चाळीस गुणिले तीनशे, बारा हजार. नोंदणी वाढवायची फी दुचाकीला एक हजार होती, पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ती दोन हजार केली. आपल्या राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांचा दोन हजार. सुरक्षा नंबरप्लेट ४५० अन् वर जीएसटी, म्हणजे ५३१, अन् तिची डिसेंबरअखेरची मुदत डोक्यावर. विमा नुसता थर्ड पार्टी घेतला तरी या सीसीला १,३६६ अन् जीएसटी, म्हणजे १,६१२. बिननोंदणीची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून तपासणीला न्यायला छोटा हत्ती, २,२००. वारसाचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, झेरॉक्स, पीयूसी. सगळं मिळून एकवीस हजारांच्या आसपास गेलं.

पन्नास वर्षांची गाडी असती तर २०२१ च्या नियमानं तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळाली असती. तेवीस वर्षांची गाडी मधल्या मध्ये लटकते. वारसा म्हणायला लहान, वाहन म्हणायला म्हातारी. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे मलाही पटतं. पण बंद गोठ्यात उभी असलेली गाडी कोणाच्या नाकात धूर सोडते? घरात माणूस गेल्यावर त्याच्या नावाच्या गाडीचे महिन्याला तीनशे चढताहेत हे विधवा बाईला कोण सांगणार? ग्रामपंचायत मृत्यूचा दाखला देते तेव्हा सोबत एक कागद द्यायला काय हरकत आहे, की नावावर गाडी असेल तर तीन महिन्यांच्या आत आरटीओत फॉर्म ३१ भरा? आमच्या सरपंचांना मी हे सांगितलंय. त्यांनी मान डोलावली आहे, पाहू.

मी वहिनींकडे गेलो अन् आकडा सांगितला. साठातून एकवीस गेले, मिस्त्रीचे चौदा-पंधरा गेले. आहे तशी गाडी पंचवीस हजारांची आहे. तीस आले तर देव पावला.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तवा पस्तीस देत होता न तो मानूस?"

हो, देत होता.

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आता एक कबुली. ताडपत्री काढल्यापासून ती गाडी मलाच हवी होती. चाळीस देऊन मीच ठेवतो, असं दोनदा ओठावर आलं. बाजारापेक्षा जास्तच देत होतो, म्हणजे पापही नव्हतं. पण भाव सांगणारा अन् घेणारा एकच माणूस असला की काय होतं हे संत्र्याच्या धंद्यात आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलोय. उद्या कोणी साठ दिले असते असं गावानं म्हटलं तर वहिनींच्या मनातून ते कधीच गेलं नसतं. म्हणून गप्प बसलो, अन् फोटो काढून दोन-चार ओळखीच्या लोकांना पाठवले.

दोन गिऱ्हाइकं आली. पहिला नागपूरचा, फोनवरच बोलणारा. पंचेचाळीस हजार रोख, आहे तशी, उद्या गाडी पाठवतो. मला आश्चर्य वाटलं, पंचवीसच्या मालाला पंचेचाळीस? बोलता बोलता उलगडलं. त्याला गाडी नको होती, सामान हवं होतं. कार्बोरेटर, सीडीआय, इंजिनाचा आतला भाग, मीटर, सायलेन्सर, एकेक वेगळं विकलं की ज्यांच्या इलिमिनेटर अडून बसल्यात ते मागेल तो पैसा देतात. म्हणजे दुर्मिळ गाडीचा भाव अख्ख्या गाडीला नसतोच, तो तिच्या तुकड्यांना असतो. हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

मी म्हटलं, कागदाचं काय? तो म्हणाला, कागदाचं टेन्शन घेऊ नका, नाव तुमचंच राहू द्या, काही होत नाही. मी म्हटलं, नावावर करून घ्या नाहीतर रीतसर स्क्रॅप करून नोंदणी रद्द करून द्या. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीच केला तर म्हणाला, पाहतो.

दुसरा परतवाड्याचा, तिशीतला पोरगा, वायरिंगची कामं घेतो. स्वतः आला, दोन तास गाडीभोवती फिरला, वही पानपान वाचली. कागद नीट करून नावावर करून देत असाल तर बावन्न, म्हणाला. दुरुस्ती त्याची तो करणार. मी साठ धरून बसलो. शेवटी छप्पनवर मिटलं. पाच हजार इसार त्यानं तिथंच दिला.

आता हिशेब मांडा. नागपूरवाल्याचे पंचेचाळीस हातात, उद्या, काही न करता. परतवाड्याचे छप्पन, त्यातून एकवीस कागदाला, महिनाभर खेटे, हातात पस्तीस. दहा हजारांचा फरक. दहा हजार म्हणजे मुलीची मेस. मी वहिनींना दोन्ही बाजू सांगितल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, हेही सांगितलं. पण ही गाडी तर सुटी होणार होती, रस्त्यावर येणारच नव्हती, मग अपघात कसला, असं माझंच अर्धं मन म्हणत होतं. निर्णय मी दिला नाही. २०१७ मध्ये दिला होता तेवढा पुरे.

वहिनींनी एवढंच विचारलं, "अन् त्यानं तो नंबर कोन्या चोरीच्या गाडीले लावला तं?"

हे मला सुचलंच नव्हतं.

वहिनी माझ्यासोबत अमरावतीला तीन वेळा आल्या. आधी गाडी त्यांच्या नावावर झाली, मग नोंदणी वाढली, मग परतवाड्याच्या पोराच्या नावावर. तपासणीच्या दिवशी छोट्या हत्तीत मागं गाडीला धरून मिस्त्री बसला होता, हॉर्न वाजला नाही तर तिथंच वायर जोडायला. वाजला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं झालं. वहिनींच्या हातात पस्तीस हजार अन् काही रुपये आले, म्हणजे २०१७ मध्ये मी जे घेऊ दिले नव्हते तेवढेच, आठ वर्षांच्या महागाईनं कुरतडलेले. फीचे बाकी पस्तीस कुठून आले ते इथं लिहायचं कारण नाही. फी भरली गेली, एवढं सांगतो.

तेव्हा टपरीवरच्या मंडळींनो, गाडी छप्पन हजारांना गेली, पुण्याला नाही, परतवाड्याला. अन् घरोघरी गोठ्यात-वाड्यात ज्यांच्या जुन्या गाड्या झाकून ठेवल्यात त्यांनी आज आरसीवरची तारीख पाहा. कोणाला फॉर्म समजत नसतील तर दुपारी दुकानात या, मी सांगतो. फक्त पुढे किती भाव येईल ते मला विचारू नका.

पोरगा गाडी न्यायला आला त्या दिवशी थंडी होती. त्यानं चोक पूर्ण ओढून सेल्फ मारला, गाडी घरघरली अन् बंद पडली. पुन्हा तेच. मी पुढं होणार तेवढ्यात ओसरीवरून वहिनी म्हणाल्या, "अर्धाच वढ. पुरा वढला का हे रुसते. सुरू झाली का मंग दोन मिनिटं हात नोको लावू." त्या आयुष्यात कधी गाडी चालवल्या नाहीत. तेवीस वर्षं रोज सकाळी चुलीपाशी बसून आवाज ऐकला होता. पोरानं चोक अर्ध्यावर आणला. गाडी सुरू झाली, अन् आम्ही तिघंही दोन मिनिटं तिथंच उभे राहिलो.